आवाज शंभरवर

आमच्या टीव्हीचा आवाज गेला तो नेमका त्या रविवारी, ज्या रविवारी मला तो शेजारच्या घरात ऐकू जायला हवा होता.

आम्ही वसईत सांडोरला राहतो. घरामागे आमची केळीची वाडी आणि डाव्या अंगाला, जास्वंदीच्या कुंपणापलीकडे, कार्मिनचं घर. दोन घरांच्या मध्ये जेमतेम एक हातगाडी जाईल एवढीच जागा. आमच्याकडे मासळीला फोडणी दिली की तिच्याकडे शिंक येते. एवढ्या जवळ राहूनही त्या बाईशी मी वर्षभर बोलले नव्हते आणि तीही माझ्याशी नाही.

कारण विचाराल तर कोंबडी. आम्ही सुकेळी करतो. वसईबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते, राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि दिवसच्या दिवस उन्हात वाळवायची, की ती आक्रसून तपकिरी, चिकट आणि गुळासारखी गोड होतात. तर गेल्या वर्षी अंगणात माझी सुकेळी वाळत होती आणि कार्मिनची तांबडी कोंबडी कुंपणातून येऊन त्यांवर चढली. तिने एखादं सुकेळं पोटभर खाल्लं असतं तर मी काही बोलले नसते. पण तिने सगळ्यांची चव घेतली. मी तोंड सोडलं. कार्मिन कुंपणाशी येऊन म्हणाली, "वर जाळी टाकायची असते. इतकी वर्षं शिकवलं ते फुकट गेलं." मी म्हटलं, "तू काय शिकवलंस मला?" ती वळून आत गेली, ती गेलीच.

कोंबडी तिचीच होती, हे मी आजही सांगते. पण माझं ते शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. सुकेळी मला कार्मिननेच शिकवली. मी नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि मला केळीचं पान धड फाडता येत नव्हतं. कार्मिन रोज मागच्या दाराने यायची आणि माझा हात धरून शिकवायची.

मग जाऊन तसं सांगायचं ना तिला, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही कार्मिनला ओळखत नाही, आणि मला तर मुळीच ओळखत नाही. रोज सकाळी मी कुंपणाशी फुलं तोडायला जायचे, तोंडाशी आलेलं वाक्य गिळायचे आणि परत यायचे. त्या वर्षात देवाला जेवढी जास्वंद मिळाली तेवढी कधी मिळाली नसेल.

अशात एका मराठी वाहिनीची माणसं सुकेळ्यांवर कार्यक्रम करायला आमच्या वाडीत आली. माइक घेतलेली मुलगी चुणचुणीत होती. तिने मला विचारलं, "काकी, हे तुम्ही कोणाकडून शिकलात?" आणि काय झालं कोण जाणे, जे वर्षभर कार्मिनला सांगता आलं नाही ते मी त्या अनोळखी पोरीला घडाघडा सांगून टाकलं. कार्मिनचं नाव घेतलं. एवढंही म्हटलं की यंदाची सुकेळी मी एकटीने केलीत, दिसायला तशीच आहेत, चवीचं विचारू नका. आमचे हे, म्हणजे मधुकरराव, तेव्हा दुसऱ्या कॅमेरावाल्याला विहीर दाखवायला गेले होते, म्हणून बरं. मी कोणालाच काही सांगितलं नाही.

कार्यक्रम रविवारी सकाळी अकराला लागणार होता. कार्मिन तो आपणहून लावणार नाही याची मला खात्री होती, तिच्या जागी मीही लावला नसता. म्हणून मी बेत केला. टीव्हीच्या खोलीची खिडकी बरोबर तिच्या स्वयंपाकघरासमोर येते. ती खिडकी सताड उघडायची, आवाज मोठा करायचा आणि आपण साळसूदपणे बसायचं. तिच्या कानावर पडलं तर पडलं. मी बोलले असंही नाही आणि बोलले नाही असंही नाही. वाहिनीवाल्यांनी तेवढाच तुकडा कापला नसला म्हणजे झालं, ही एकच धास्ती होती.

साडेदहाला मी टीव्ही लावून पाहिला. आवाज ठणठणीत. टीव्ही तसा नवाच, गेल्याच्या आधल्या दिवाळीत आमच्या प्रितेशने आणून भिंतीवर टांगला. तो आणि सून दिशा विरारला फुलपाड्यात राहतात. जरा वेळाने कार्मिनचा शेल्डन चर्चमधून परत आला. मिस्सा झाली की अंगणात मोटारसायकल धुवायची आणि धुताना तो कमरेएवढा, दिवे लागणारा स्पीकर लावायचा, हा त्याचा दर रविवारचा धर्म. त्याने पाण्याची बादली आपटल्याचा आवाज आला आणि थोड्याच वेळात आमचा टीव्ही मुका झाला. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं कुणाच्या बापाला वाटलं असतं?

"अहो, आवाज गेला," मी म्हटलं.

हे पेपर ठेवून उठले. यांच्या लेखी घरातली सगळी यंत्रं विहिरीवरच्या मोटरीची भावंडं. आधी यांनी टीव्हीच्या पाठीवर हात ठेवून तो तापलाय का ते बघितलं. मग कान लावला. मग एक थाप मारली, फार जोरात नाही, बैलाला मारतात तेवढी.

"मोटर चालू आहे, पाणी उचलत नाय," हे म्हणाले.

"अहो, आवाज वाढवून बघा आधी."

यांनी रिमोट घेतला. पडद्यावर आकडा चढायला लागला, वीस, तीस, चाळीस. आमच्याकडे शांतता. पण शेजारी शेल्डनच्या स्पीकरचा आवाज मात्र चांगलाच वाढला. कोणी तरी बाप्या पिकाच्या मुळांबद्दल पोटतिडकीने बोलत होता. शेल्डन रविवारी खतांच्या जाहिराती ऐकायला लागला की काय, असं माझ्या मनात आलं, पण या पोरांचा काही नेम नसतो.

"पन्नास केला," हे म्हणाले.

शेजारचा आवाज आणखी वाढला. आता मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला, तो चुकीचा पडला ही गोष्ट वेगळी. कार्मिनला कुठून तरी कळलं असणार की आज माझा कार्यक्रम आहे. आणि तो आपल्या कानावर पडू नये म्हणून ती मुद्दाम पोराला स्पीकर वाढवायला सांगत होती.

"बघितलंत?" मी म्हटलं. "आपण वाढवला की तीही वाढवते."

"आपला वाढलाच कुठे आहे?"

"तिला काय माहीत? कमी करून बघा."

यांनी आकडा वीसवर आणला. शेजारचा आवाजही खाली आला. मी यांच्याकडे बघितलं, बघा, अशा अर्थाने. वर्षभर मनातल्या मनात जिची माफी मागत होते ती बाई असली निघाली, याचा मला भयंकर राग आला. म्हटलं, नाही ऐकवला तुला माझा कार्यक्रम तर नावाची लीला नाही.

"शंभर करा," मी म्हटलं.

यांनी शंभर केला. शेजारी भूकंप झाला. जास्वंदीवरचे पक्षी उडाले.

हे पुन्हा मोटरीच्या वाटेने गेले. "मेन बंद करून जरा थंड होऊ दे," म्हणाले आणि बटण बंद केलं. शेजारी एकदम सामसूम. म्हणजे आमच्याकडे काय चाललंय यावर ती टपूनच बसली होती. यांनी बटण चालू केलं, पडद्यावर कंपनीचं नाव आलं, मग एक गोल फिरत राहिला. घड्याळात अकरा वाजले. गोल इकडे फिरतोय आणि आमचा कार्यक्रम तिकडे सुरू झालेला. शेवटी चित्र आलं. चित्रात आमचीच वाडी. पण आवाज नाही तो नाहीच, आणि कार्मिनकडे पुन्हा दणदणाट.

"प्रितेशला लावा फोन," मी म्हटलं.

यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. प्रितेश आणि दिशा दोघंही कार्यक्रम बघतच होते.

"पप्पा, काय मस्त दिसताय तुम्ही," प्रितेश म्हणाला.

खरंच हे पडद्यावर आले होते. नवा सदरा, हातात केळफूल, आणि तोंड अखंड चालू. सुकेळ्यांना यांनी खाण्याखेरीज कधी हात लावला नाही, पण हातवारे असे, की गावाला सुकेळी यांनीच आणली. हे रिमोट खाली ठेवून स्वतःला बघत उभे राहिले.

"काय बोलतोय मी?" यांनी प्रितेशला विचारलं.

"अहो, ते राहू द्या," मी फोन ओढून घेतला. "प्रितेश, टीव्हीला आवाज नाय. चित्र आहे, आवाज नाय."

"म्यूट झाला असेल, मम्मी."

"आकडा शंभर दाखवतोय."

"शंभर?" तो जरा घाबरलाच. "थांब. पप्पांना सांग सेटिंगमध्ये जा. गिअरसारखं चित्र असेल ते."

यांना मोटारीचा गिअर माहीत होता, हा वेगळा निघाला. तो सापडेपर्यंत पडद्यावर हवामान, सिनेमे आणि कुठल्या तरी परदेशी पाककृती येऊन गेल्या. कार्यक्रम दिसेनासा झाला तशी मी फोनमध्ये ओरडले. दिशा तिकडून सांगत होती, "मम्मी, घाबरू नका, अजून पप्पाच बोलतायत." यांच्या लांबण लावायच्या सवयीचा जन्मात पहिल्यांदा मला उपयोग झाला.

"आता साउंड," प्रितेश म्हणाला. "त्यात साउंड आउटपुट."

हे एकेक बटण दाबत होते, दर वेळी दाबायच्या आधी चष्मा पुसत होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून कार्मिनचा आवाज आला, चांगला चिडलेला.

"शेल्डन, बारीक कर ते. डोकं उठलं माझं."

"करतोय मम्मी. मी बारीक केला की तो परत वाढतो," शेल्डन म्हणाला. "माझं गाणं कुठे गेलं तेच कळत नाय. कोण केळीवाला बोलतोय मघापासून."

मी जागच्या जागी थांबले. केळीवाला. टीव्हीकडे बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात कार्यक्रम आता छोटा होऊन परत दिसत होता, आणि त्यात यांचे ओठ हलत होते. खिडकीतून यांचाच आवाज येत होता. ओठ मिटले की तिकडचा आवाज थांबायचा, ओठ हलले की सुरू व्हायचा. मी खिडकीशी गेले, परत टीव्हीशी आले आणि परत खिडकीशी गेले.

"सापडलं," हे म्हणाले. "दोन नावं दिसतात, प्रितेश. एक टीव्ही स्पीकर. आणि खाली शेल्डन बूम का काय ते. खूण शेल्डनवर आहे."

फोनमध्ये प्रितेश हसायला लागला. "पप्पा, मागे मॅचच्या वेळी आपण टीव्हीला त्याचा स्पीकर जोडला होता, आठवतं? सगळे तुमच्याकडे अंगणात बसलो होतो. टीव्हीने लक्षात ठेवलंय. त्याने स्पीकर चालू केला की हा जाऊन चिकटतो. एरवी रविवारी सकाळी तुम्ही टीव्ही लावतच नाही, म्हणून कळलं नाही."

ती मॅच दिवाळीनंतरची, कोंबडीच्या आधीची. त्या दिवशी कार्मिनने घरून टोपभर वडे आणले होते. पुढे आमचा अबोला झाला, हे दोघी जणींना माहीत होतं, दोन नवऱ्यांना माहीत होतं, सगळ्या आळीला माहीत होतं. टीव्हीला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे ती मुद्दाम वाढवत नव्हती. आम्हीच तिच्या घरात जाऊन बोंबलत होतो. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

"आता टीव्ही स्पीकरवर जा आणि ओके दाबा," प्रितेश सांगत होता. यांनी अंगठा उचलला.

मी रिमोट हिसकावून घेतला.

"अगं, आवाज येईल आता," हे म्हणाले.

"नको मला आवाज."

"तासभर आवाज आवाज करत होतीस आणि आता नको?"

"तिकडेच जाऊ दे."

यांचा काही भरवसा नव्हता. हे उठून पुन्हा मेन बंद करायलाही कमी करणार नाहीत म्हणून मी बटणाच्या आड उभी राहिले, आणि रिमोटचे सेल काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले. हे माझ्याकडे असे बघत राहिले, की त्या नजरेचा अर्थ मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी चांगला कळतो. फोनमध्ये प्रितेश विचारत होता, "पप्पा, दाबलं का?" मी फोन बंद केला.

छोट्या चौकटीत आता मी आले होते. हिरवं लुगडं नेसून, केस चापून बसवून, सुकेळ्यांच्या मांडवापाशी. माझे ओठ हलत होते आणि माझा आवाज कुंपणापलीकडून येत होता. आपलाच आवाज दुसऱ्याच्या घरातून ऐकायची मला सवय नव्हती. तो बराच किनरा लागत होता. केळी पिवळी झाली की सोलायची, मग उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करायची, असं मी तिथून सांगत होते. शेल्डन चूप होता. कार्मिनच्या स्वयंपाकघरातली भांडीही वाजायची थांबली होती.

पुढचा प्रश्न तोच होता.

"काकी," त्या मुलीचा आवाज कुंपणापलीकडून आला, "हे तुम्ही कोणाकडून शिकलात?"

आणि शेल्डनने स्पीकर बंद केला.

त्याचं काही चुकलं नाही. आईने दहा वेळा सांगितलं होतं, बारीक होत नाही म्हटल्यावर त्याने सरळ बटण दाबलं. पण पडद्यावर माझे ओठ हलले, आणि ना तिथून आवाज आला ना इथून. कार्मिनचं नाव मी ज्या क्षणी घेतलं तो क्षण दोन घरांच्या मध्ये कुठे तरी पडला. मला रडू येईल असं वाटलं.

मग टीव्हीला सुचलं, की स्पीकर गेला तर आपण आहोत. आणि तो शंभरवर बोलायला लागला.

"...लग्न होऊन आले तेव्हा मला केळीचं पान फाडता येत नव्हतं!" माझा आवाज खोलीत असा काही फुटला की हे मागे सरकून सोफ्यावर बसले. भिंतीवरचा फोटो हलला. "सगळं तिने शिकवलं! हात धरून शिकवलं!"

"रिमोट दे," हे कानावर हात ठेवून ओरडले. मी पदराची गाठ सोडायला गेले, ती सुटेना. सोडवली तर एक सेल सोफ्याखाली घरंगळला. हे गुडघ्यांवर बसून तो शोधायला लागले. "यंदाची मी एकटीने केलीत!" टीव्हीतली मी सगळ्या सांडोरला ओरडून सांगत होते. "दिसायला तशीच आहेत! चवीचं विचारू नका!" रस्त्यावरून जाणारा पाववाला सायकल थांबवून आमच्या खिडकीकडे बघत होता. सेल मिळाला, उलटा बसला, परत सुलटा बसवला, तोवर कार्यक्रम संपून पुढची जाहिरात लागली होती. यांनी आवाज पार शून्यावर नेला आणि कपाळ पुसलं.

"तू असं बोललीस?" यांनी हळूच विचारलं.

मागच्या दाराशी चप्पल वाजली. मी स्वयंपाकघरात गेले. कार्मिन दारात उभी होती, हात ओले, ओढणी कमरेला खोचलेली. वर्षानुवर्षं ती त्या दाराने कडीही न वाजवता आत यायची. आज उंबऱ्याबाहेर थांबली.

"तुझ्या टीव्हीने डोकं फोडलं माझं," ती म्हणाली.

"तुझ्या पोराच्या स्पीकरने माझ्या घरचा आवाज पळवला," मी म्हटलं.

बोलायचं कसं हेच दोघींना जणू विसरायला झालं होतं.

"केळी पिवळी झाली की सोलायची म्हणालीस," ती म्हणाली. "पिवळी? काळे ठिपके पडल्याबिगर सोलायची नाय, किती वेळा सांगितलं. आता सगळा महाराष्ट्र पिवळी केळी सोलत बसेल."

"त्यांनी मधलं कापलं असेल."

"काय कापलं असेल? तू विसरलीस." ती दाराच्या चौकटीला टेकली. "आणि ती कोण?"

"कोण ती?"

"तुला शिकवलं ती. हात धरून. शेल्डनने तेवढ्यात बंद केला, नाव काय कळलं नाय."

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. सांडोरमध्ये माझा हात धरून मला शिकवणारी दुसरी कोण असणार? पण ते नाव तिला टीव्हीकडून नको होतं, ते तिला माझ्याकडून हवं होतं, आणि तसं मागायचा तिला हक्क होता. खिडकी, आवाज, शंभर, काही कामाचं उरलं नव्हतं.

"तू," मी म्हटलं.

"काय?"

"तू शिकवलंस."

"मोठ्याने बोल, लीला. ऐकू नाय येत."

मग मी मोठ्याने बोलले. तू शिकवलंस, कार्मिन, सगळं तूच शिकवलंस, मला काही येत नव्हतं, आणि त्या दिवशी मी खोटं बोलले. बोलताना माझा आवाज मधेच फाटला आणि डोळ्यांतून पाणी आलं, त्याची मला लाज वाटली नाही. बाहेरच्या खोलीत यांनी टीव्ही बंद केला.

कार्मिनने ओढणीने हात पुसले. उंबरा ओलांडून ती आत आली, फळीवरचा डबा तिला न विचारता सापडला. झाकण उघडून तिने त्यातलं एक सुकेळं घेतलं, वास घेतला, दाताने तोडलं आणि बराच वेळ चावत राहिली.

"गोड नाय," ती म्हणाली, आणि दुसरं घेतलं.